शेंदराखालची बाई

बोरीवली बेटावर आहे, हे वाक्य चंद्रप्रकाश परबांनी आजवर इतक्या जणांना ऐकवलं होतं, की ते लिफ्टमध्ये शिरले की 'सातेरी छाया' सोसायटीतली माणसं उगाचच मोबाइल कानाला लावायची.

"वसईला जा, खाडी लागते. ऐरोलीला जा, खाडी लागते. वांद्र्याहून माहीमला जा, तिथेपण पाणी ओलांडावंच लागतं," ते बोटांवर मोजत सांगायचे. "मग हे बेट नाही तर काय? साष्टी बेट! आपण सगळे बेटावर राहतो, आणि पत्ताच नाही कोणाला."

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य काढून परब निवृत्त झाले आणि त्यांच्यातला प्रश्न विचारणारा पोरगा मोकाट सुटला. रविवार उजाडला की टोपी घालून बाहेर. आज गिल्बर्ट हिलचा उभा काळा कडा, उद्या मंडपेश्वरची लेणी, परवा पवईच्या तलावावर मगर दिसते का ते बघत तासन्‌तास बसणं. एकसरच्या वीरगळांवर तर त्यांचा विशेष जीव. लढाईत पडलेल्या वीरांचे ते दगड, आणि त्यांच्यावर चक्क जहाजांची लढाई कोरलेली. "बोरीवलीत आरमार लढलंय, आरमार!" असं ते भाजीवाल्यालाही सांगून आले होते.

"घरातला गीझर बघा आधी," त्यांची बायको अनुपमा म्हणायची. "लेण्यातलं दोन हजार वर्षांपूर्वीचं पाण्याचं टाकं कुठे पळून जात नाही."

पण परबांच्या डोक्यातला सगळ्यात जुना प्रश्न लेण्यांतला नव्हता. तो सोसायटीच्या आवारातच, फणसाच्या झाडाखाली उभा होता. शेंदूर फासलेला, कंबरेइतका उंच, हिरवी साडी नेसलेला दगड.

त्याची गोष्ट अशी. गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळच्या खोल्या विकून काही मालवणी कुटुंबांनी गोराई खाडीच्या अलीकडे ही जागा घेतली. पाया खणताना हा दगड वर आला. कंत्राटदार तो भरावात ढकलायला निघाला, तेव्हा परबांचे वडील धोंडिराम आडवे झाले. कोकणातल्या माणसाला जागा म्हटली की तिचा राखणदार आलाच. नव्या जागेत तो आपणहून जमिनीतून वर येतो म्हटल्यावर त्याला भरावात घालायची हिंमत कोण करणार? धोंडिरामांनी सगळ्यांना लांब उभं केलं, दगड एकट्याने धुतला, एकट्यानेच त्याला तेल-शेंदूर फासला, आणि मागे वळून म्हणाले, "साडी हाडा."

सगळे बुचकळ्यात पडले. राखणदार म्हणजे पुरुष. त्याला धोतर, त्याला नारळ, फार तर विडी. साडी कशाला?

"बाई आसा," धोंडिराम एवढंच बोलले. "आणि आयका. शेंदूर कधी खरवडूचो नाय. लुगडा कधी उतरवूचा नाय. नया नेसवा, मगे जुना काढा."

परब त्या दिवशी कारखान्यात ड्युटीवर होते. दगड उघडा त्यांनी पाहिलाच नाही. नंतर बापाला कितीदा विचारलं, "तुमका कसा कळला बाई आसा ती?" म्हातारा पान लावत राहायचा. उत्तर न देताच तो गेला.

वर्षानुवर्षं शेंदराचे थर चढत गेले. दगडाच्या वरच्या अंगाला दोन उंचवटे होते, एक गोल, दुसरा चंद्रकोरीसारखा. ते देवीचे डोळे ठरले. मग कोणीतरी नवस फेडायला चांदीचे डोळे बसवले, पण कोरीवर तो डोळा नीट बसेना. देवी एक डोळा मिचकावल्यासारखी दिसू लागली. सोसायटीतली पोरं तिला डोळा मारणारी देवी म्हणत आणि आयांचे फटके खात.

अनुपमा मात्र तिला डोळ्यांत तेल घालून जपायची. लग्नानंतर दोनदा पोटातलं मूल गेलं, तेव्हा ती रोज संध्याकाळी या दगडापाशी येऊन बसायची. काही मागायचीसुद्धा नाही, नुसती बसायची. मग श्वेता झाली. तेव्हापासून देवीच्या साडीचं खातं तिच्याकडे. आता श्वेता मुलुंडला सासरी होती, सातवा लागला होता, आणि वैशाखात देवीच्या वार्षिकाच्या दिवशी देवीसमोर तिची ओटी भरायची, असं अनुपमाने कधीच ठरवून टाकलं होतं.

वार्षिकाला थोडेच दिवस उरले असताना ती घटना घडली. सकाळी फुलं ठेवायला परब गेले, तर दगडाच्या तळाशी, साडीच्या काठाखाली, शेंदराचा एक पोपडा गळून पडलेला. उन्हाने थर तडकले होते. देव अशी खोळ टाकतो, ती तो आपणहून टाकतो, हात लावायचा नसतो, हे परबांना ठाऊक होतं. त्यांनी हात लावला नाही. पण चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून, जमिनीला नाक टेकवून पाहायला कोणाची बंदी होती?

उघड्या दगडावर एक खूर होता. जनावराचा स्पष्ट खूर, त्याच्या वर पायाचा थोडा भाग.

 खूर म्हणजे घोडा. घोडा म्हणजे स्वार. स्वार म्हणजे वीरगळ! एकसर इथून हाकेच्या अंतरावर, आणि आपल्या अंगणात, आपल्या फणसाखाली, एक योद्धा इतकी वर्षं साडी नेसून उभा! त्यांनी मोबाइलवर चार फोटो काढले आणि चहा टाकत असलेल्या अनुपमाला गाठलं.

"अगो, देवी नाय ती. वीर असणार. घोड्यावरचा."

अनुपमाने गॅस बारीक केला. "मग इतकी वर्षं मी साडी कोणाला नेसवली? सैनिकाला?"

"तसं नाही, पण इतिहास..."

"तुमचा इतिहास तुमच्यापाशी ठेवा. श्वेताची ओटी व्हायच्या आत तिथे काही उकराउकरी केलीत तर याद राखा." आणि मग, हलक्या आवाजात, "ती आहे म्हणून मी आहे. तुम्हाला सगळं बघितल्याशिवाय राहवत नाही, मला न बघताच चालतं."

परबांनी मान डोलावली. पण रविवार आला आणि पाय आपोआप कान्हेरीच्या लेण्यांकडे वळले.

कान्हेरीला त्यांची ओळख झाली होती दर्शना कांबळेशी. घाटकोपरची मुलगी, पुरातत्त्व शिकलेली. तिचे आईवडील बुद्धपौर्णिमेला तिला कान्हेरीला आणायचे, तेव्हापासून लेण्यांचं वेड. आता ती रविवारी लोकांना लेणी दाखवायची, आणि परबांच्या प्रश्नांना न कंटाळणारी बहुधा बोरीवली तालुक्यातली एकमेव व्यक्ती होती.

मोठ्या चैत्याच्या पायऱ्यांवर ती पाणी पीत बसली होती. समोर माकडांची टोळी कोणाच्या तरी चिप्सवर तुटून पडलेली. परबांनी मोबाइल पुढे केला.

"घोडा आहे ना? सांग, वीरगळ आहे ना?"

दर्शनाने फोटो मोठा केला. खूप वेळ बघितला.

"काका, वरच्या बाजूला काही कोरलंय का? दोन गोल असं काही?"

"डोळे आहेत. म्हणजे आम्ही चांदीचे डोळे बसवलेत. एक गोल, एक कोरीसारखा..."

दर्शनाला हसू फुटलं, आणि लगेच ते मावळलं. "सूर्य-चंद्र आहेत ते. जोवर सूर्य-चंद्र आहेत तोवर हे दान टिकेल, असा त्याचा अर्थ. काका, हा घोडा नाहीये, खूर फार अरुंद आहे. गाढव आहे. बहुतेक गधेगळ आहे हा."

"म्हणजे?"

"शिलाहारांच्या वेळची पद्धत. राजाने जमीन दान दिली की असा दगड रोवायचे. दान मोडणाऱ्यासाठी त्यावर शिवी कोरायची. लिहिलेलं वाचता न येणाऱ्यालाही कळावी म्हणून चित्रात." ती थांबली. परब वडिलांच्या वयाचे, म्हणून तिने माकडांकडे बघत पुढचं सांगितलं. "खाली एक बाई असते. आणि तिच्यावर गाढव. जो ही जमीन बळकावेल, त्याच्या आईची अशी गत होईल, असं."

परबांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यांनी तिच्या हातातून मोबाइल घेतला आणि फोटो बंद केला. 

"वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "खूप गावांत लोक हे दगड देवी म्हणून पुजतात. आणि अभ्यासाच्या दृष्टीने मोलाची वस्तू आहे, हे नक्की. एकदा बघायला येऊ?"

"वार्षिकाला ये," परब कसंबसं म्हणाले. "जेवायलाच ये."

परत येताना ते घरी न जाता खाडीकडे गेले. ओहोटी लागली होती. कांदळवनाच्या मुळांमधून एक कोल्हा, कुत्रा समजून कोणीही सोडून दिला असता असा, चिखलात खेकडे हुंगत फिरत होता. एरवी परबांनी त्याच्यामागे अर्धा तास घालवला असता. आज त्यांना तो दिसूनही दिसला नाही. ही जमीन कोणी कोणाला दिली होती? कोणाच्या भीतीने ही शिवी कोरली? आणि सगळ्यात मोठं म्हणजे, अनुपमाला काय सांगायचं? जिच्यापाशी बसून तिने आपली दोन मेलेली पोरं सोसली, ती देवी नाही, ती एक घाणेरडी शिवी आहे? आणि शिवीसुद्धा कोणाला, तर आईला? तिथेच पोरीची ओटी भर म्हणायचं?

नाही सांगायचं, त्यांनी ठरवलं. आणि एकदा ठरवल्यावर माणूस जो मूर्खपणा करतो, तो त्यांनी केला.

भर दुपारी, सगळी सोसायटी पंखे लावून आडवी झालेली असताना, ते डबा घेऊन फणसाखाली गेले. डब्यात भिंतीची पुट्टी, शेंदूर आणि तेल एकत्र कालवलेलं. त्यांनी खूर बुजवला. शेजारी आणखी एक भेग दिसली, तीही भरली. मग वर थोडं, मग बाजूला थोडं. तेलकट शेंदरावर पुट्टी धरत नाही, आणि वाळताना ती आकसते, हे टूलरूममधल्या नवख्या पोरालाही कळलं असतं. कारखान्यात कोणी असलं काम केलं असतं तर परबांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. इथे मात्र ते काम बघून खूश झाले आणि हात धुऊन झोपले.

वार्षिकाच्या दिवशी मांडव पडला. केळीचे खांब, समया, वडे-सांबाऱ्याचा घमघमाट. श्वेता जरीची साडी सावरत खुर्चीवर बसली होती. दर्शना मागच्या रांगेत, पायातल्या चपला काढून उभी. आणि पुढे, टोपी घालून, हातात नारळ घेऊन परब. गाऱ्हाणं घालायचा मान धोंडिरामांचा होता, त्यांच्यामागे तो परबांकडे आला होता.

"बा देवा म्हाराजा!" परबांनी आवाज लावला.

"व्हय म्हाराजा!" सगळी सोसायटी एका सुरात.

"ह्या जाग्याच्या राखणदारा म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाचा लग्न अडला असात, कोणाची नोकरी अडली असात, ता मार्गाक लाव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या आमच्या लेकीची कूस..."

समयांच्या धगीजवळ काहीतरी करकरलं. परबांनी वाकून बघितलं. त्यांनी भरलेली पुट्टी सुटत होती, आणि भेगांत अडकल्यामुळे सुटताना मागचा थरही ओढत होती. आधी एक तुकडा पडला. मग चांदीचा मिचकणारा डोळा टणकन फरशीवर आला. मग साडीसकट, इतक्या वर्षांची शेंदराची अख्खी खोळ भदाभद खाली बसली.

उभा राहिला तो काळा, ओला वाटणारा दगड. वर सूर्य आणि चंद्र. मध्ये झिजून गेलेल्या अक्षरांच्या ओळी. आणि खाली गाढव, आणि त्याच्याखाली ती बाई.

सोसायटीचे सेक्रेटरी मधुकर सावंत यांनी आधी डोळ्यांवर हात ठेवला आणि मग बोटांच्या फटीतून बघितलं. बायकांनी पदर तोंडाला लावले. कोणीतरी 'कोप झाला' म्हणालं. कोणीतरी पोरांना आत पिटाळलं. "वाट लागली रे!" एवढं मात्र सगळ्यांना ऐकू आलं.

परबांच्या हातात नारळ तसाच होता. गाऱ्हाणं मध्येच सोडता येत नाही. आणि गाऱ्हाण्यात खोटं बोलता येत नाही. त्यांनी बायकोकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर त्यांना बोलता आलं नसतं.

"म्हाराजा!" त्यांचा आवाज फुटला. "चूक माझी झाली म्हाराजा! खूर माका दिसलो होतो. मी तो पुट्टीन बुजवलंय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा..." सवयीने निघालेला हुंकार, अर्धाच.

"ही देवी नाय म्हाराजा! जुन्या राजाचो शापाचो दगड आसा. जमीन बळकावणाऱ्याक घातलेली शिवी आसा म्हाराजा. आणि माका ह्या ठावक असताना मी लपयलंय. बायलेक काय सांगू, म्हणान लपयलंय म्हाराजा!"

या वेळी कोणीच व्हय म्हणालं नाही.

अनुपमा उठली. लोक आपोआप बाजूला झाले. ती दगडासमोर उकिडवी बसली, आणि नवऱ्याला जे जन्मात जमलं नव्हतं ते तिने केलं: न घाबरता, न लाजता, नीट, खालपासून वरपर्यंत बघितलं. मग तिने मान वळवून परबांनी ज्या मुलीबद्दल सांगितलं होतं तिला हाक मारली.

"दर्शना तूच ना गं? इकडे ये. ही बाई कोण?"

"कोणी एक अशी नाही, काकू. जो जमीन हडपेल, त्याची आई."

"हडपणार तो."

"हो."

"आणि भोगायचं हिने."

दर्शनाने दगडाकडे बघितलं.

"हिने काय केलेलं?"

"काहीच नाही, काकू."

 अनुपमाने हात पुढे केला आणि दगडातल्या त्या बाईच्या झिजलेल्या कपाळावरची पुट्टी अंगठ्याने पुसली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज स्वच्छ होता.

"मामंजींनी साडी का मागितली, ते आज कळलं मला."

परबांच्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. एकट्याने धुतलेला दगड. सगळ्यांना लांब उभं करणं. घाईघाईने फासलेला शेंदूर. 'लुगडा कधी उतरवूचा नाय.' म्हाताऱ्याने सगळं बघितलं होतं. अंगठेबहाद्दर माणूस, त्याला ना शिलाहार ठाऊक ना दानपत्र. त्याला एक बाई उघडी पडलेली दिसली, आणि त्याने सांगितलं, साडी आणा. त्यांना इतकं भरून आलं की नारळ खाली ठेवावा लागला.

अनुपमाने ताटातली नवी हिरवी साडी उचलली. "श्वेता, पिन दे. दर्शना, तू ही बाजू धर. घट्ट धर, सुळसुळीत आहे."

दर्शनाने साडीचं टोक धरलं. तिने आयुष्यात कधी देवीला साडी नेसवली नव्हती, आणि आज आपण देवीला नेसवत नाही आहोत हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. "काकू," ती हळूच म्हणाली, "शेंदूर मात्र आता नको लावू या. दगड टिकायला हवा."

"नाहीच लावायचा. तिचं तोंड दिसू दे. बाकीचं झाकायचं." निऱ्या करता करता अनुपमाने मागे वळून मधुकर सावंतांना दम भरला, "बोटांच्या फटीतनं काय बघताय? समई सरळ करा ती."

मग श्वेताची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. सगळं झाल्यावर श्वेताने न सांगता आपल्या ओटीतली तांदळाची एक मूठ काढली आणि वाकवेना तरी वाकून दगडापाशी, साडीच्या पदरात ठेवली. मंडपात एक म्हातारी हुंदका देऊन रडली. हळूहळू एकेक जण पुढे येऊन बसला.

"गाऱ्हाणं अर्धं राहिलंय," अनुपमा नवऱ्याला म्हणाली. "पुरं करा."

परबांनी नारळ पुन्हा उचलला, टोपी नीट केली, तोंड उघडलं आणि अडले. 'बा देवा' म्हणावं तर हा देव नव्हे. राखणदारा म्हणावं तर जागा राखण्यासाठी कोणी हिला विचारलंही नव्हतं. हिचं नाव काय असेल, हा एकच प्रश्न त्यांना पडला, आणि याचं उत्तर ना दर्शनाकडे होतं, ना कुठल्या लेण्यात.

"काय म्हणून हाक मारू गो?" त्यांनी विचारलं.

अनुपमाने पदराची शेवटची पिन लावली.

"आई म्हणा," ती म्हणाली. "कोणाची तरी होतीच ना ती."

"आई म्हाराजा!" परबांनी आवाज लावला.

"व्हय म्हाराजा!"